हरवलेल्या कुत्र्याच्या नावाने माझे 23,950 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

हे लिहायला तीन आठवडे लागले कारण लाज वाटत होती. अजूनही वाटतेय. पण परवा सोसायटीतल्या एकीची मांजर हरवली आणि तिने फोटो, फोन नंबर, मांजरीचं नाव, पोटावरचा डाग, बक्षीस 5 हजार, सगळं एका पोस्टमध्ये टाकलं, ते बघून पोटात गोळाच आला. मी पण हेच केलं होतं.

आमचा बंडू देशी आहे, सहा वर्षांचा. रस्त्यावरूनच आणलेला, नंतर नसबंदी करून घेतली, त्याची खूण म्हणून डाव्या कानाला व्ही आकाराचा काप आहे. 21 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खालच्या मजल्यावर कुणीतरी माळ लावली, दार उघडं होतं, आणि तो सुटला. कर्वेनगर ते वारजे आम्ही रात्री दीडपर्यंत फिरलो. आई 71 वर्षांची, बीपी आहे, ती जिन्यात बसून राहिली होती. रात्रीच मी पोस्ट टाकली, दहा-बारा ग्रुपवर फिरली.

पाडव्याला सकाळी 9:40 ला फोन. माणूस अगदी घरच्यासारखा बोलला, 'ताई, तुमचा बंडू आमच्याकडे आहे, खेड शिवापूर टोलच्या अलीकडे गाडीने उडवलाय, जिवंत आहे, घाबरू नका.' मी विचारलं एवढ्या लांब कसा गेला, 20-25 किलोमीटर आहे, तर म्हणाला एखाद्या टेम्पोत चढला असेल, घाबरलेली जनावरं काहीही करतात. आणि फोटो पाठवला. बंडूच होता. पायाला बँडेज, मागे स्टीलचं टेबल. ज्यांना वाटतं की आपण फसलो नसतो त्यांनी रात्रभर न झोपता, आई रडत असताना तो फोटो बघून दाखवावा.

एक्स-रेचे 1,850 पाठवले. मग फ्रॅक्चर आहे, ऑपरेशनचा ॲडव्हान्स 6,500. मग प्लेट टाकावी लागेल, 12,400. मग ॲम्ब्युलन्सने घरी सोडतो म्हणून 3,200. दुपारी 12:50 पर्यंत एकूण 23,950. मी निघते म्हटलं तर 'आत्ता घेतलंय आत, इन्फेक्शन होईल, भेटू देत नाहीत, संध्याकाळी तुमच्या दारात आणतो.' मिस्टर ड्युटीवर, गाडी त्यांच्याकडे, आईला एकटं सोडवत नव्हतं. ज्यांनी नंतर विचारलं की सरळ रिक्षा करून का नाही गेलीस, त्यांना मी हेच सांगितलं आणि त्यांच्या तोंडावर विश्वास दिसला नाही.

आता सांगते कुठे कळायला हवं होतं. दरवर्षी दिवाळीला आम्ही बंडूला नवा पट्टा घालतो. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आईने त्याला आंघोळ घालून नारिंगी पट्टा घातला आणि जुना निळा काढून दारामागच्या खिळ्याला टांगला. पोस्टमध्ये मी जो फोटो टाकला तो गणपतीतला, त्यात निळा पट्टा. आणि त्या माणसाने पाठवलेल्या फोटोत पण निळाच पट्टा! म्हणजे माझाच फोटो उचलून एआयने बँडेज आणि टेबल लावलेलं. मी चार वेळा पिन टाकला तेव्हा दारासमोरच्या खुर्चीत बसले होते. तो निळा पट्टा माझ्या डोळ्यांसमोर चार हातांवर लटकत होता. चारही वेळा. हे मला झोपू देत नाही, पैसे नाही.

आणि ते एकच नव्हतं. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं एका मोबाइल शॉपीचं, मी विचारलं तर म्हणे हॉस्पिटलचा स्कॅनर बंद आहे, शेजारच्या दुकानाचा दिला. पैसे जाताना स्क्रीनवर जे नाव येतं ते वाचा, जुळलं नाही तर थांबा, कारण काहीही सांगोत. दुसरं, सुरुवातीला म्हणाला आत्ताच दूध-बिस्किट खाल्लं त्याने, आणि अर्ध्या तासात भूल देऊन ऑपरेशन? बंडूच्या नसबंदीच्या वेळी आम्हीच त्याला रात्रभर उपाशी ठेवलं होतं, रक्त तपासलं होतं, म्हणजे मला माहीत होतं. माहीत असून सुचलं नाही.

संध्याकाळी ॲम्ब्युलन्स आली नाही, फोन बंद. आम्ही 9 पर्यंत गॅलरीत उभे. तरी मला वाटलं रेंज नसेल. भाऊबीजेला सकाळी त्याचाच परत फोन, डिस्चार्जचे 9,000 द्या नाहीतर कुत्रा संस्थेला देऊन टाकू. मी पाठवणारच होते. भाऊ तेवढ्यात आला, ओवाळायच्या आधीच मी त्याला फोटो दाखवला, त्याने दाराकडे बघितलं आणि म्हणाला, 'ताई, मग हा कुणाचा पट्टा?'

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, 14 व्या वेळी लागला. तिकडून पहिलं वाक्य, कालच का नाही केलात, पहिल्या तासाभरात केलं की पैसे अडवता येतात. खरं आहे, म्हणून तुम्ही शंका आली की त्या क्षणी लावा, खात्री होण्याची वाट बघू नका, आणि प्रत्येक पेमेंटचा 12 आकडी यूटीआर (व्यवहाराचा) नंबर हाताशी ठेवा. बँकेत गेले (पाडव्याला बंद होती), तिथे उत्तर, मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय. कामकाजाच्या तीन दिवसांत बँकेला कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य हा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे, तो मी त्यांना दाखवला, पण तो आपण न केलेल्या व्यवहाराला लागतो, आपण फसून स्वतः पाठवले त्याला नाही. म्हणजे चोराने खिशातून काढले तर चोरी, आणि रडवून हातातून घेतले तर माझी मर्जी.

पोलीस चौकीत गेले तर ठाण्यात जा, ठाण्यात गेले तर सायबरला जा, सायबरला सांगितलं रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. परत ठाण्यात. तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, 'कुत्र्यासाठी चोवीस हजार?' आणि शेजारचे दोघं हसले. आई माझ्याबरोबर होती. मग म्हणाले घटना खेड शिवापूरला घडली, आमची हद्द नाही. अहो, घटना खेड शिवापूरला घडलीच नाही, तिथे कुत्राच नव्हता! आणि हद्दीचं कारण चालत नाही, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. हे मी घरी वाचून गेले, छापून नेलं, तरी घेतला तो फक्त अर्ज, एफआयआर नाही. शिक्का मारलेली पोच मागितली तर 40 मिनिटं बसवलं. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार अजून 'अंडर प्रोसेस'. 6,500 कुठल्यातरी खात्यात होल्ड झालेत म्हणे, ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा. बाकीचे 17,450 गेले.

आता सगळ्यात वाईट. 24 तारखेला रात्री एका बाईंचा फोन आला, वारज्याला पुलाखाली कुत्र्यांना खायला घालते, तुमच्यासारखा एक दिसलाय. मी त्यांना नको नको ते बोलले. लाज वाटत नाही का, किती पैसे हवेत, असं. फोन आपटला. त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी परत केला, सरळ व्हिडिओ कॉल, बोलल्या काही नाही, फक्त कॅमेरा सिमेंटच्या पाइपांकडे फिरवला. आत नारिंगी पट्टा. मी बंडू म्हणून हाक मारली आणि त्याने मान वर केली.

म्हणून पोस्ट टाका, जरूर टाका, पण एक खूण आणि पट्ट्याचा रंग स्वतःकडे ठेवा, फोन करणाऱ्याला विचारा. नाव टाकू नका. बक्षिसाचा आकडा टाकू नका. सापडलाय म्हणणाऱ्याने व्हिडिओ कॉल केला नाही तर एक रुपया नाही, उपचार असले तरी दवाखान्यात जाऊन तिथेच द्या. आधी जवळच शोधा, घाबरलेलं कुत्रं बहुतेक वेळा आसपासच कुठेतरी दबून बसतं, बंडू घरापासून दोन किलोमीटरवर होता. दत्तक घेणाऱ्यांनाही हेच, माझ्या नाशिकच्या मामेबहिणीला 'लॅब्रेडॉर फुकट, फक्त ट्रान्सपोर्टचे 2,500' म्हणून गंडवलंय, पिल्लू कधी आलंच नाही. आम्ही आता बंडूला मायक्रोचिप बसवलीय, तांदळाच्या दाण्याएवढी असते, 15 आकडी नंबर, डॉक्टरांच्या स्कॅनरवर दिसतो.

त्या बाईंकडे मी आईला घेऊन गेले, माफी मागितली. पैसे घेतले नाहीत त्यांनी. म्हणाल्या असे फोन त्यांना रोज करावे लागतात आणि हल्ली अर्धे लोक शिव्याच देतात.

सोमवारी परत ठाण्यात जातेय एफआयआरसाठी, अर्जाच्या दोन प्रती घेऊन. भाऊ येतोय बरोबर.