गाडीचा एसी: कंपनीचं वर्कशॉप की उद्यमनगरातला मिस्त्री?

गेल्या वर्षी एप्रिलात आईला कोल्हापूरहून मिरजेला डॉक्टरांकडं नेत होतो. हातकणंगले मागं पडलं आणि एसीनं मान टाकली. काचा खाली घ्याव्यात तर उन्हाच्या झळा, वर कराव्यात तर भट्टी. जयसिंगपूरला सावलीत गाडी लावून आईच्या तोंडावर पाणी मारलं, तेव्हाच ठरवलं की आता चालढकल नाही. त्यानंतर गाडी तीन ठिकाणी फिरवली. तुमच्याही डोक्यात हाच प्रश्न असेल तर माझा अनुभव उपयोगी पडावा.

आधी एक बघून घ्या. हायवेला गार आणि दाभोळकर कॉर्नरला सिग्नलला थांबलं की गरम, असं होत असेल तर बहुतेक वेळा कंडेन्सरचा (पुढच्या जाळीमागं गॅस थंड करणारा भाग) पंखा चालत नसतो. थंड आहे पण हवाच कमी येते, तर केबिन फिल्टर चोंदलेला असतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून रोज फिरणाऱ्या गाडीच्या जाळीत पाचटाचा कचराही बसतो. ही कामं थोडक्यात होतात, त्यासाठी पुढचं काही वाचायची गरज नाही.

पहिला पर्याय सगळ्यात सोपा आणि मीही तोच घेतला: ‘गॅस मारून देतो.’ अर्ध्या तासात काम, १८०० रुपये. पाच आठवडे झकास गार, मग पुन्हा तेच. पुन्हा १८००. दुसऱ्या खेपेला मी विचारलं, “मागचा गॅस गेला कुठं?” उत्तर आलं, “गॅस संपतोच की साहेब, भरत राहायचा.”

मला खटकलं ते नेमकं हे. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. रबरी होजमधून, सीलमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो हे खरं, पण पाच आठवड्यांत जातो म्हणजे कुठंतरी भोक आहे. ते शोधायची कुणाला घाई नव्हती.

मग कंपनीच्या वर्कशॉपला गेलो. माणसं अदबीनं बोलली, जॉब कार्ड झालं, दुपारी एस्टिमेट आलं: कूलिंग कॉइल (डॅशबोर्डमागं बसून आतली हवा गार करते ती), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, कंडेन्सर, गॅस, मजुरी, कर धरून २३,५००. शिवाय डॅशबोर्ड खोलावा लागणार. गळती कुठं आहे विचारलं तर “सिस्टिममध्ये लीकेज आहे.” बघायला आत जाता येईना, नियम नाही म्हणाले. त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण २३ हजारांचं काम आणि भोक कुठं ते कुणी दाखवत नाही, हे मनाला पटेना.

त्यांच्या बाजूनं दोन गोष्टी आहेत, त्या सांगायलाच हव्यात. पार्ट अस्सल, बिल पक्कं, बदललेल्या पार्टवर वॉरंटी. आणि मशीन जुना गॅस ओढून घेतं. बाहेर बऱ्याच ठिकाणी तो हवेतच सोडतात. माझ्यासारख्या गाड्यांतला आर-१३४ए गॅस ओझोनला इजा करत नसला तरी उष्णता धरण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त आहे, तेव्हा हा मुद्दा मला हलका वाटत नाही.

शेवटी कोल्हापूरचं उद्यमनगर. मिस्त्रीनं गॅसच्या बाटलीला हातच लावला नाही. “आधी गॅस कुठनं जातोय ते बघू या की.” नळ्यांत नायट्रोजन भरला (साध्या हवेनं तपासणारेही आहेत, पण त्या हवेतून पाण्याचा अंश आत जातो), साबणाचं पाणी मारलं आणि हातबॅटरी धरून मला खाली वाकायला लावलं. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात रुपयाएवढा काळा तेलकट डाग, त्यावर धूळ चिकटलेली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं, त्याची ती खूण. त्या डागावर फेसाचा एक बुडबुडा हळूहळू फुगत होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी भोकावर बोट ठेवलं होतं.

कंडेन्सर बदलून पुन्हा नायट्रोजन भरला. दोन तास प्रेशरचा काटा हलला नाही, म्हणजे कूलिंग कॉइल धड होती आणि डॅशबोर्ड खोलायचं कारणच उरलं नाही. मग पाऊण तास व्हॅक्यूम (पंपानं नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढणं), थोडं तेल, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच गॅस, वजन करून. कंडेन्सर ४६००, गॅस आणि तेल १८००, मजुरी १५००, एकूण ७९००. आता दुसरा उन्हाळा चाललाय. थर्मामीटर काही मी लावला नाही, पण मिरजेपर्यंत आई मागं पदर अंगाभोवती लपेटून बसते.

तरी सगळ्यांना उद्यमनगरच सांगेन असं नाही. वॉरंटीतली गाडी मुकाट्यानं कंपनीत न्या. नव्या आर-१२३४वायएफ गॅसची किंवा इलेक्ट्रिक, हायब्रिड गाडी असेल तरीही तिथंच. विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचं तेल वेगळं असतं आणि तिथं चुकीचं तेल महागात पडतं. कॉइलच गळत असेल तर वेल्डिंगच्या नादी लागू नका, नवी घ्या. त्यासाठी डॅशबोर्ड कुणाच्या हाती द्यायचा याचा विचार मात्र करा, कारण एखादी क्लिप तुटली तर गगनबावड्याच्या रस्त्याला आयुष्यभर कटकट ऐकावी लागते. तिथं कदाचित मीही कंपनीचाच खर्च सोसेन.

बाकी चार-पाच वर्षं जुनी, साधी पेट्रोल-डिझेल गाडी असेल, तर मी आधी गळती दाखवणाऱ्याकडं जाईन. फक्त सकाळी लवकर गाडी लावा. काटा दोन तास धरून बघायचा तर दुपारी चारला जाऊन त्याच दिवशी काम होत नाही, आणि घाई केली की हीच पायरी गाळली जाते.