१६ इंची स्क्रोल सॉ: वर्षभराच्या वापरानंतर
गेले वर्षभर मी १६ इंची स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पाते वर-खाली हलवून लाकडात नाजूक नक्षी कापणारी विजेची करवत, वापरत असून, ६ मिलिमीटर प्लायवूडमधील जाळीकामासाठी हे यंत्र मला मनापासून आवडले आहे. वेग कमी ठेवून लाकडावर पारदर्शक चिकटपट्टी लावली, तर शिसवातली अरुंद वळणेही सहसा करपत नाहीत. सोबत आलेली पिनची (टोकांना आडवी पिन असलेली) पाती मात्र मी लगेच बाजूला ठेवली, कारण आतली नक्षी कापताना पिन ओवण्यासाठी मोठे भोक पाडावे लागते आणि गणपतीच्या सोंडेजवळची नाजूक रेघ त्यात हरवते. बिनपिनेच्या बारीक पात्याला दीड मिलिमीटरचे भोक पुरते. पात्याचे दाते खाली रोखलेले असावेत आणि बोटाने छेडल्यावर तारेसारखा स्वच्छ नाद येईपर्यंत ताण द्यावा. भुसा उडवणारी हवेची नळी फारच क्षीण आहे. रेघ दिसावी म्हणून सतत फुंकर मारावी लागते.