सोलापुरात इनलाइन हॉकीचा सेट घेताय? आधी पक बघा

पुतण्यासाठी पार्क चौकाजवळच्या एका स्पोर्ट्सच्या दुकानातून इनलाइन हॉकीचा, म्हणजे बर्फाऐवजी साध्या जमिनीवर चाकांचे स्केट्स घालून खेळायच्या हॉकीचा, हा सेट घेतला, दोन स्टिक आणि दोन पक (चेंडूऐवजी वापरायच्या चपट्या चकत्या). सेट चांगलाय, पण मजा येणार की नाही ते पकवर ठरतं बघा.

काळा रबरी पक हा आइस हॉकीचा असली पक, ३ इंच रुंद, १ इंच जाड. बर्फावर तो सुसाट जातो, एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या मोठ्या लीगमध्ये तर जास्त उसळू नये म्हणून मॅचआधी गोठवून ठेवतात, पण आपल्याकडे कोब्यावर रबर घासतं, पक जरा पुढं जाऊन थांबतो नाहीतर कडेवर उभा राहून भलतीकडंच पळत सुटतो. दुसरा लाल प्लास्टिकचा, हलका, दोन्ही अंगाला बारीक बारीक गुंड्या आहेत, त्याच्यावरच तो घसरतो. पार्किंगमध्ये लय भारी चालतो, शहाबादी फरशीच्या सांध्यात मात्र अडकतो.

चेंडू न वापरता चपटं का, तर त्याचं मूळ कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये आहे. गोठलेल्या तळ्यांवर लोक आधीपासून खेळायचेच, पण ३ मार्च १८७५ ला जेम्स क्रायटन यांनी व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये छताखाली मॅच भरवली, एका बाजूला ९ जण, आणि बर्फ सोडून वर उडू नये म्हणून लाकडाची चपटी चकती घेतली. आमच्या पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचाही त्यामुळंच शाबूत आहेत!

स्टिक घेताना डावी-उजवी बघून घ्या, डावा हात खाली धरत असाल तर लेफ्ट. मैदानी हॉकीत एकाच बाजूनं मारता येतं, इथं दोन्ही बाजूंनी चालतं, त्यामुळं तिकडून आलेली पोरं पहिल्यांदा बावचळतात. स्केट्स घालून उभं राहिल्यावर स्टिक हनुवटीपर्यंत यावी. पातं प्लास्टिकचं असल्यानं कोब्यावर खालून झिजतं, टेप गुंडाळा.

खोक्यात नियमांचा कागद नाही, तो द्यायला पाहिजे होता. थोडक्यात सांगतो, आइस हॉकीत गोलकीपर धरून ६ जण, २० मिनिटांचे ३ पिरियड, खेळ चालू असतानाच खेळाडू बदलता येतात आणि किरकोळ फाउल केला की २ मिनिटं बाहेर बसायचं, तोवर टीम एक कमी. पोरांना हाच नियम सगळ्यात आवडलाय.

हेल्मेट आणि शिनगार्ड सेटमध्ये येत नाहीत, ते वेगळे घ्याच, आणि लाल पक एक जास्तीचा मागून घ्या.