गोल्फभोवती वसाहत: घरं फेअरवेच्या कडेने की मैदान मधोमध?

मावळ-मुळशीकडे शे-दीडशे एकर जमीन एकत्र आली की गोल्फ कोर्सची कल्पना कुणीतरी मांडतंच. गोल्फ हवा की नको, हा वाद इथे घेत नाही. तो हवा असं ठरलं की पुढचा प्रश्न उरतो आणि माझ्या मते वसाहतीचं भलंबुरं त्यावरच ठरतं. होल, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून खळग्यापर्यंतचे खेळाचे पट्टे, घरांच्या रांगांमधून फिरवायचे, की सगळं मैदान एकसंध मधोमध ठेवून वस्ती बाहेरच्या कडेला बसवायची? मी वास्तुरचनाकार आहे. पहिल्या पद्धतीच्या वसाहतीत काही काळ भाड्याने राहिलो, आणि पुढे काही जमीनमालकांच्या एकत्रित लेआउटसाठी दुसरी पद्धत निवडली.

रांगांच्या पद्धतीचा मोह अगदी समजण्यासारखा आहे. १८ होलचा पूर्ण कोर्स साधारण ७००० यार्डांचा, म्हणजे सहा किलोमीटरच्या वर जातो. दोन्ही बाजूंना प्लॉट पाडले, तर वळणं आणि मोकळे कोपरे वगळूनही आठ-दहा किलोमीटरची ‘गोल्फ-फेसिंग’ कड हाती लागते. तेच होल एकमेकांना लागून ठेवले तर सुमारे १४० एकरांत बसतात आणि त्यांचा परीघ तीन-चार किलोमीटरांत आटोपतो. जादा दर मिळणारे प्लॉट एवढे कमी होणार म्हटल्यावर बिल्डर नाखूश होणारच. अमेरिकेत हिल्टन हेड बेटावर चार्ल्स फ्रेझर या विकासकाने सी पाइन्स ही वसाहत उभारली. तिथल्या १९६९च्या हार्बर टाउन कोर्सवर फेअरवेच्या, म्हणजे होलमधल्या कापलेल्या हिरवळीच्या, कडेने घरं आहेत आणि झाडी राखल्यामुळे ती खुलूनही दिसतात. म्हणजे ही पद्धत वाईटच, असं मी म्हणणार नाही.

माझा कौल मात्र जाळीने फिरवला.

बहुतेक खेळाडू उजव्या हाताने खेळतात आणि हौशी खेळाडूचा फटका बहुधा उजवीकडे वळतो. त्यामुळे टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, दोनेकशे मीटरवर, फेअरवेच्या उजव्या अंगाला जी घरं येतात, ती सगळं झेलतात. आमचं घर नेमकं तिथे होतं. आधी बागेत चेंडू सापडायचे, मग गच्चीवर, मग स्वयंपाकघराची काच गेली. रविवारी सकाळी मुलांना अंगणात सोडायचं नाही, हा आसपासच्या सगळ्या घरांचा नियमच होऊन बसला. तक्रारी वाढल्या तशी सोसायटीने लोखंडी खांब रोवून उंच जाळी बांधली. चेंडू थांबले, हे कबूल. पण ज्या दृश्यासाठी लोकांनी जास्तीचे पैसे मोजले होते, ते त्या दिवसापासून चौकोनी तुकड्यांत दिसू लागलं. पावसाळ्यात जाळीत पालापाचोळा आणि प्लास्टिकच्या पिशव्या अडकायच्या, कधी एखादा पक्षी. डाव्या बाजूच्या शेजाऱ्यांना हा जाच फारसा नव्हता, आणि खेळाचा पट्टा अधिक रुंद ठेवला असता तर कदाचित आम्हालाही झाला नसता. पण फेअरवेच्या मध्यरेषेपासून ५०-६० मीटर अंतर प्रत्येक होलच्या दोन्ही बाजूंना सोडायचं म्हटलं की दर्शनी प्लॉटांचं गणित कोसळतं. मग अंतर घटतं आणि जाळी येते. मी पाहिलं ते असंच.

दुसरीही एक गोष्ट मनाला लागली. समोरच्या रांगेतलं कुटुंब खिडकीतून दिसायचं, पण त्यांच्याकडे जायचं तर रस्त्याने मोठा वळसा. मैदानाने वस्तीचे लांबट तुकडे केले होते, आणि खेळ चालू असताना त्या हिरवळीवर पाऊल टाकायला कुणालाच मुभा नव्हती.

मैदान मधोमध असलं की सुरक्षित अंतर फक्त बाहेरच्या कडेला सांभाळावं लागतं. बाहेरचे होल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले तर उजवीकडे वळलेला चेंडू मैदानातच पडतो. घरं सगळी डावीकडे राहतात. कडेच्या झाडीतून पायवाट काढली की गोल्फ न खेळणाऱ्या आजी-आजोबांनाही संध्याकाळची फेरी मिळते. घरं मैदानापासून हटून उभी राहिली की किती मोकळं वाटतं, ते पाहायचं तर खारघरला सिडकोच्या गोल्फ कोर्सवर चक्कर मारा. गुरगावचा आर्नल्ड पामर यांनी आखलेला डीएलएफचा कोर्सही बघा. तिथे उंच इमारतींतून पुष्कळ कुटुंबांना हिरवळ दिसते.

उंच इमारतींचा मुद्दा पाण्याशीही जोडलेला आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात १८ होलला दिवसाला दहा लाख लिटर पाणी सहज लागतं आणि ते प्रक्रिया केलेलं सांडपाणीच असायला हवं, याबाबत माझं मत पक्कं आहे. माणशी १३५ लिटर वापर धरला आणि त्यातलं ८० टक्के परत आलं, तर एवढ्या पाण्याला नऊ हजारांवर रहिवासी हवेत. फेअरवेलगतच्या तीनशे बंगल्यांतून ते कधीच येणार नाही. बाहेरच्या कडेला दाट वस्ती असेल तरच हिशेब जुळतो. तरीही शक्य असेल तर नऊ होलवर थांबावं असं मला वाटतं. आपल्याकडे एकात्मिक नगर वसाहतीला किमान ४० हेक्टर लागतात. तेवढ्यात १८ होल कोंबले तर घरांना जागाच उरत नाही.

एकसंध मैदानाची एक बाजू मलाही काळजीची वाटते. तो मोठा, सलग तुकडा असतो आणि उद्या क्लब तोट्यात गेला तर त्यावर इमारती उभ्या करण्याचा मोह होतो. घरांमधून फिरणाऱ्या पट्ट्यांना ही भीती कमी असेल असं वाटतं, पण कॅलिफोर्नियातल्या एस्कोन्डिडोला तसं झालं नाही. तिथला घरांनी वेढलेला कोर्स २०१३मध्ये बंद पडला, आणि रहिवाशांच्या दीर्घ लढ्यानंतरही अखेर त्या जागेवर घरं आलीच. म्हणून पद्धत कुठलीही निवडा, मंजूर लेआउटवर मैदान कायमची मोकळी जागा म्हणून दाखवून घ्या आणि प्रत्येक घराच्या करारनाम्यात ते कलम उतरवा.

जमीन नदीकाठची, अरुंद आणि लांबट असेल, तर मैदान मधोमध बसणार नाही. तिथे रांगांवाचून इलाज नाही. अशा वेळी घरं एकाच बाजूला, डावीकडे ठेवा आणि उजवी बाजू नदीला सोडा.