इंडक्शन, गॅस की मफल? खानदेशातल्या अवजार कारखान्यासाठी भट्टीचा हिशेब

जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत रोटाव्हेटरची पाती, नांगराचे फाळ, वखराच्या पासा बनवणाऱ्यानं भट्टी बदलायची म्हटलं की तीन पर्याय समोर येतात: इंडक्शन, गॅसची भट्टी आणि विजेच्या एलिमेंटची मफल. ऑइलच्या भट्ट्या अजून बऱ्याच शेडमध्ये धूर काढतात, पण नवी घेणाऱ्यानं तो विचार सोडून द्यावा. विक्रेते सध्या इंडक्शनचीच बाजू लावून धरतात. खर्च कमी येतो आणि माल सगळीकडून सारखा तापतो, असं ते सांगतात. पहिली गोष्ट बरीचशी खरी आहे. दुसरी अर्धी खरी आहे, आणि फसगत होते ती त्या अर्ध्यात.

माझं मत आधीच सांगतो. दिवसभर एकाच जाडीचा माल निघत असेल तर इंडक्शनला तोड नाही. सकाळी फाळ, दुपारी कुदळ आणि संध्याकाळी कुणाच्या ट्रॅक्टरचा वाकलेला रॉड असा धंदा असेल, तर गॅसची भट्टी ठेवा.

इंडक्शनमध्ये तांब्याच्या पोकळ नळीच्या कॉइलमधून वेगानं दिशा बदलणारा करंट जातो. त्यानं बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यात ठेवलेल्या लोखंडात भोवरे घेणारा करंट उठतो आणि लोखंड स्वतःच तापतं. ज्योत नाही, भट्टीच्या विटा तापवण्यात तासभर घालवणं नाही. मात्र हा करंट पृष्ठभागालगतच फिरतो. किती खोल जाईल ते फ्रिक्वेन्सीवर ठरतं. लाल तापलेल्या पोलादात १ किलोहर्ट्झला ही खोली साधारण १७ मिलिमीटर, ३ किलोहर्ट्झला १० च्या आसपास, १० किलोहर्ट्झला साडेपाच आणि ३० किलोहर्ट्झला जेमतेम ३. गाभ्यापर्यंत उष्णता पोचते ती धातूतूनच, सावकाश.

म्हणून 'सारखा तापतो' हे वाक्य मशीनबद्दलचं नाहीच, तुमच्या मालाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या जोडीबद्दलचं आहे. गोल बारचा व्यास या खोलीच्या निदान तीन-साडेतीन पट असावा. तो कमी पडला तर समोरासमोरच्या बाजूंचे करंट एकमेकांना मारतात, वीज जाते आणि माल तापायला मागत नाही. ६० मिलिमीटरच्या बारला १ किलोहर्ट्झ चालतं. तेच मशीन ८ मिलिमीटरच्या रोटाव्हेटर पट्टीला लावलं, तर ७०० अंशांपर्यंत झकास चालेल आणि पुढे रेंगाळेल. कारण साधारण ७७० अंशांना पोलादाचं चुंबकत्व जातं आणि करंट एकदम खोल शिरायला लागतो. अशा पट्टीला ३० किलोहर्ट्झच्या आसपासचं मशीन हवं. उलट जाड बारला इतकी जास्त फ्रिक्वेन्सी दिली, तर वरची कातडी पांढरी होईल आणि गाभा काळाच राहील. घणाखाली असा तुकडा आतून तडकतो.

वाकड्या, कमी-जास्त जाडीच्या तुकड्यांचं दुखणं आणखी वेगळं. कॉइल जवळ असेल तिथे माल जास्त तापतो, लांब असेल तिथे कमी. कोपरे आधी जळतात. प्रत्येक मापाला वेगळी कॉइल, तिचं वेगळं अस्तर, आणि बदलायला माणूस. कोटेशन मागताना बहुतेक जण मशीनची किंमत विचारतात, कॉइलची विचारत नाहीत.

आता पैशाचं. हा हिशेब प्रत्येकानं स्वतःच्या बिलावर मांडावा. एक टन पोलाद १२०० अंशांपर्यंत न्यायला शास्त्रानुसार सुमारे २३० युनिट उष्णता लागते. इंडक्शन हे काम ३५० ते ४०० युनिटमध्ये करतं. धुराड्यातून सगळी उष्णता सोडून देणारी साधी गॅसभट्टी वीस टक्क्यांच्या आसपास कामाची. तिला टनामागे ९० किलो एलपीजी लागतो. रिक्युपरेटर (धुराच्या उष्णतेनं आत येणारी हवा आधीच तापवणारं उपकरण) बसवलेली, दार नीट बसणारी भट्टी पस्तीस टक्के देत असेल, तर ५० किलोच्या थोडं वर. म्हणजे साध्या भट्टीशी तुलना करताना किलोभर गॅस चार युनिट विजेपेक्षा महाग पडत असेल, तर इंधनात इंडक्शन जिंकलं. चांगल्या भट्टीशी तुलना असेल तर ही रेघ सात युनिटच्या पुढे सरकते. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरची किंमत १९ नं भागा आणि युनिटच्या दरात डिमांड चार्ज, म्हणजे मंजूर लोडचा आकार, धरा. लोक नेमका तोच विसरतात.

आपल्याकडे हा डिमांड चार्ज जास्त चावतो, कारण अवजारांचा धंदा हंगामी. आखाजीच्या आधीपासून मृगापर्यंत शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि भादव्यात हातोडा गंजतो. मंजूर लोड मात्र बारा महिने मंजूरच असतो. माल निघो न निघो, त्याचा मोठा भाग बिलात येतो. गॅसभट्टी बंद केली की खर्चही बंद. १०० किलोवॉटचं मशीन पूर्ण क्षमतेनं चाललं तर तासाला अडीचशे किलोच्या थोडं वर माल काढतं. तुमचा वर्षाचा एकूण माल तासांत मोजा. मशीन वर्षातले आठ महिने झाकून ठेवावं लागणार असेल, तर टनामागे वाचलेलं इंधन लोडमध्येच जाईल.

इंडक्शनची एक बचत बिलात दिसत नाही. भट्टीत तासभर पडलेल्या मालावर स्केल धरतं. ज्योतीच्या भट्टीत दोन-तीन टक्के लोखंड असं पोपडे होऊन जातं, आणि वरच्या थरातला कार्बनही जळतो, म्हणजे धार लवकर बोथट होते. इंडक्शनमध्ये तुकडा काही मिनिटांत तापून बाहेर येतो, त्यामुळे स्केल बहुधा टक्क्याच्या आत राहतं. टनाला वीस किलो पोलाद वाचणं ही लहान रक्कम नाही, घडाईची डायही (साचा) जास्त टिकते. शिवाय मे महिन्यात शेडमध्ये उभं राहता येतं. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा ज्योतीच्या दारासमोर माणूस टिकवणं हे मालकाचं खरं दुखणं असतं.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे, तर पाण्याबद्दल. कॉइलमधून आणि पॅनेलमधून सतत पाणी फिरावं लागतं. आपल्या बोअरचं पाणी जड. ते थेट सोडलं तर नळीत क्षार बसून कॉइल जळते. म्हणून आतल्या बंद चक्रात डीएम (क्षार काढलेलं) पाणी आणि बाहेर कूलिंग टॉवर. विक्रेता फक्त पंख्याचा रेडिएटर देत असेल तर नको म्हणा. ४५ अंशांच्या हवेनं पाणी ४५ च्या खाली येणारच नाही. टॉवरचं मात्र घरातल्या वाळ्याच्या कूलरसारखं आहे: मे महिन्यातल्या कोरड्या हवेत उत्तम, पावसाळ्याच्या दमटपणात सुस्त. फक्त मे महिन्यात तो पाणीही पितो, आणि टँकर तेव्हाच महाग असतो. दीपनगरच्या वीजकेंद्राची चिमणी दिसते अशा गावातही लाईट जाते, हे वेगळं सांगायला नको. लाईट गेल्यावर तापलेल्या तुकड्याची धग कॉइलवर राहते, तेव्हा उंचावर टाकी हवी, म्हणजे पंप थांबला तरी उतारानं पाणी येत राहील.

मफलबद्दल थोडक्यात. ती हळू तापते, घडाईच्या तापमानाला तिचे एलिमेंट फार टिकत नाहीत. पण तापलेल्या मालाला पाणी किंवा तेल दिल्यानंतरच्या टेम्परिंगला (ठिसूळपणा कमी करणाऱ्या फेरतापवणीला), जिथे दोनशे ते चारशे अंशांवर सगळा ढीग एकसारखा ठेवायचा असतो, तिथे आत पंखा असलेली मफलच घ्यावी. इंडक्शन घेतलं तरी ती लागेल. बजेटमध्ये तिला जागा ठेवा.

जाता जाता, जळगावच्या सराफ्यात इंडक्शनचं गणित उलटं आहे. तिथे माल थोडा, किंमत अफाट. सोनं १०६४ अंशांना वितळतं, ग्रॅफाइटची मूस स्वतः तापून त्याला तापवते, आणि चुंबकीय क्षेत्रामुळे रस आपोआप ढवळला जातो. आटणीनंतर लगडीच्या दोन टोकांना टंच वेगळा येण्याची भीती कमी होते. तिथे लहान मशीन घ्यायला फार विचार करावा लागत नाही.

अवजारवाल्यानं मात्र आधी एक वेगळी वाट तपासावी. नाशिकच्या सातपूर-अंबडला किंवा वाळूजला इंडक्शन हार्डनिंगचं जॉबवर्क मिळतं. फक्त पात्याची धार कडक करून हवी असेल, तर दीडेकशे किलोमीटरचं भाडं धरूनही एक हंगाम तिथून काम करून बघावं. तेवढ्यात कळतं की आपला माल खरंच एका मापाचा आहे का. 'हाई परवडस का, भो?' याचं उत्तर कोटेशनपेक्षा तिथल्या जॉबवर्कच्या बिलांतून लवकर मिळतं.

आणि मशीन घ्यायचंच ठरलं, तर विक्रेत्याच्या कारखान्यात स्वतःचा माल घेऊन जा, त्यांचा नमुना नको. एका तुकड्याला मधोमध भोक पाडून थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घाला आणि वरचं-आतलं तापमान एकाच वेळी लिहून घ्या. हातातला पायरोमीटर फक्त पृष्ठभागाचं सांगतो. फरक पन्नास अंशांपेक्षा जास्त राहत असेल, तर फ्रिक्वेन्सी बदलून मागा किंवा कॉइल लांब करून मागा, आणि पुन्हा चाचणी झाल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.