पेट्रोलची टाकी गळतेय: झाळून घ्यावी की बदलावी?

बाबांची 2001 सालची शंभर सीसीची मोटरसायकल. पार्किंगच्या फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढा डाग दिसायला लागला. गॅरेजवाल्याने खालून बोट फिरवलं, वास घेतला आणि "टाकी गेली, दुसरी बसवू" म्हणून मोकळा झाला. गेलं होतं ते टाकीखालच्या, पेट्रोल चालू-बंद करणाऱ्या कॉकचं वायसर. तीन वर्षांनी टाकी खरोखरच सडली, तेव्हा मी तिला एमसील थापून आठवडाभर खूश होतो. दोन्ही वेळा पेट्रोल नेमकं कुठून येतंय हे न बघताच उपाय ठरला.

काही गोष्टी टाकी न उतरवताही कळतात. कॉक बंद केल्यावर गळणं थांबलं, तर टाकीला दोष देऊ नका. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नसेल किंवा नळी चिरली असेल. कॉक बंद असूनही त्याच्या बुडाशी ओल असेल, तर आधी वायसर आणि ओ-रिंग बघा. टाकी भरली की गळते आणि निम्म्यावर आली की थांबते, म्हणजे भोक वरच्या अंगाला. आणि नुसतं झाकणापाशी, तेही भर उन्हात ओलं दिसत असेल, तर तोंडापर्यंत भरणं सोडा. दहा लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापलं की जवळजवळ दोनशे मिली फुगतं, ते कुठेतरी जाणारच.

एवढ्यावर उलगडा झाला नाही तर टाकी उतरवा. थेंब पडतो तिथेच भोक असतं असं नाही. पेट्रोल जोडावरून ओघळत जाऊन सर्वांत खालच्या टोकाला लोंबतं. म्हणून बाहेरून साबणाने धुवा, वाळवा आणि तळाला खडूची पूड चोळून टाकी दोन विटांवर ठेवा. पूड सगळ्यात आधी जिथे गडद होते ते मूळ. हे सगळं उघड्यावर, बाल्कनीत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरकते आणि देवघरातल्या समईपर्यंत पोचायला तिला वेळ लागत नाही.

भोक सापडलं की त्याच्या आजूबाजूचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. माझा सगळा निर्णय या दाबावर ठरला. पत्रा टणक असेल आणि भोक जोडावर किंवा काहीतरी घासून पडलेलं असेल, तर झाळून घ्या. टोक किंचित आत जात असेल, तर गंज आतून आलाय आणि हे फक्त पहिलं भोक आहे. अर्धी रिकामी टाकी रात्री गार होते, आत दव धरतं आणि पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाला बसतं. साइड स्टँडवर उभ्या गाडीत ते डाव्या कोपऱ्यात साठतं. आमची टाकी तिथेच सडली होती.

पितळी झाळकाम स्वस्त आणि टिकाऊ. पण भोवतालचा रंग जळतो, म्हणजे रंगाचा खर्च वेगळा. वेल्डिंगवाल्याला एकच विचारा, आतली वाफ कशी काढणार? टाकी साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा खळबळून, उघडी ठेवून, भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरून काम करणारा माणूस हवा. "रिकामीच आहे, काय होतंय" म्हणाला तर टाकी उचला आणि निघा. हवेत दीड ते साडेसात टक्के वाफ असली की ठिणगी पुरते, आणि तसं मिश्रण रिकाम्या टाकीतच जमतं.

आतून एपॉक्सीचा लेप देणं ऐकायला छान वाटतं. गंज पूर्ण काढून टाकी कोरडीठाक केली नाही, तर लेपाचे पापुद्रे सुटून कॉकच्या जाळीत अडकतात. शिवाय तो ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकतो का, हे डब्यावर वाचून घ्या. एमसील आणि साबणाची वडी घरी पोचण्यापुरतीच. भोकावर साबण घासला की झिरपणं थोडा वेळ थांबतं. एमसील कोरड्या, घासलेल्या पत्र्यावरच धरतं. आत पेट्रोल पाझरत असताना थापलं तर उपयोग नाही.

जुन्या बाजारातली टाकी घेणार असाल तर ताज्या रंगाला भुलू नका, रंगाखाली डागडुजी लपते. मोबाइलच्या टॉर्चने आत बघा. पाणी भरून, कॉकच्या जागी बूच मारून अर्धा तास ठेवायला सांगा. कॉकच्या बोल्टांमधलं अंतर आपल्या कॉकशी जुळवा. आमच्याकडे ते राहिलं आणि दुसरी फेरी पडली. मॉडेल अजून चालू असेल आणि गाडी रोजची असेल, तर मी सरळ नवीनच घेईन.

बाबांच्या काळ्या गाडीवर सध्या लाल टाकी आहे. रंग दिवाळीला द्यायचा म्हणतात. ही तिसरी दिवाळी.