पुरावनस्पतिशास्त्र की पुराप्राणिशास्त्र?
घोड नदीकाठच्या इनामगावात १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात जवाचे कोळसलेले दाणेही मिळाले आणि गुरांची हाडेही. पुरातत्त्वात विज्ञानाची वाट धरणाऱ्या विद्यार्थ्यापुढे अनेकदा निवड असते ती याच दोहोंत: दाण्यांचे पुरावनस्पतिशास्त्र की हाडांचे पुराप्राणिशास्त्र. पुरावनस्पतिशास्त्रात खड्ड्यातली माती पाण्यात ढवळून वर तरंगणारे दाणे बारीक चाळणीत धरायचे, सावलीत वाळवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली जव कोणता, गहू कोणता हे ठरवायचे, त्यावरून पिके व हंगाम उलगडतात. पुराप्राणिशास्त्रात हाडांवरील कापल्याच्या खुणा आणि दातांची झीज पाहतात. शेळी आणि मेंढीची हाडे मात्र भल्याभल्यांना चकवतात. प्राणिशास्त्राच्या पदवीधराने हाडेच घ्यावीत. इतरांना मी दाणे सुचवीन, कारण एका हंगामात वाढलेला दाणा रेडिओकार्बन कालमापनालाही, म्हणजे अवशेषातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढायलाही, उत्तम चालतो.